बाकी सगळं सारखं ठेवा

मोठ्या शाळेत विज्ञानाचा वर्ग सुरू होण्याआधी ही उजळणी पूर्ण करून आणा. उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा. शेवटी पालकांची सही घ्या, निळ्या शाईत.

"स्वतःच्या शब्दांत म्हणजे कुणाच्या?" मुलीने विचारलं.

"माझ्या तरी नको," बाबा म्हणाले. "माझे शब्द दुकानात गिऱ्हाइकांवर खर्च होतात. आईला विचार. तिच्याकडे भरपूर शिल्लक असतात."

"ऐकू येतंय मला," आई आतून म्हणाली.

निरीक्षण म्हणजे काय? अनुमान म्हणजे काय? घरातलं एकेक उदाहरण द्या.

निरीक्षण: आई धुतलेल्या मोज्यांची प्रत्येक जोडी टाचणीने अडकवून ठेवते.

अनुमान: आई टापटीप आहे.

बाबांनी ते वाचलं. "टापटीप," ते म्हणाले. आईच्या दिशेने एकदा बघून गालातल्या गालात हसले आणि कागद परत दिला. "चालेल. पुढे लिही."

*

बाबा रंगाच्या दुकानात शेड जुळवायचे.

कुणाच्या तरी खोलीची एकच भिंत ओल धरून खराब झालेली असते. बाकीच्या भिंती धडधाकट. सगळी खोली पुन्हा रंगवायची कुणाला हौस नसते. मग माणूस भिंतीचा एखादा पोपडा कागदात गुंडाळून आणतो आणि म्हणतो, अगदी हाच रंग द्या. अगदी हाच. बाबा तो पोपडा घेऊन दुकानाच्या दारात जात. तिथे त्यांचं उंच स्टूल होतं, उन्हापासून हातभर आत, उजेडात. मांडीवर पांढऱ्या रंगाची वाटी. तिच्यात घट्ट रंगाचा एखादा थेंब सोडायचा, काडीने ढवळायचं, बोटाने पोपड्याच्या कोपऱ्यावर ठिपका लावायचा आणि गप्प बसायचं.

"ओला रंग थापाड्या असतो," ते म्हणत. "त्याला बोलू द्यायचं. खरं काय ते वाळल्यावर विचारायचं."

वाळल्यावर ठिपका पोपड्यात दिसेनासा झाला की काम झालं. कधी कधी कुठे लावला होता तेच सापडत नसे. रंगारी त्यांना काटा म्हणत. तराजूचा काटा. मालकही काट्याच म्हणत. घरीही त्यांच्या नखांत कसला ना कसला रंग असायचाच, आणि मुलगी लहानपणी झोपताना तो ओळखायची. आज गुलाबी. आज राखाडी. आज बाबांकडे समुद्र आला होता.

*

प्रश्न कसा विचारावा? ज्याचं उत्तर तपासून बघता येईल असा.

सुट्टीत दुकानात यंत्र आलं. अजून विकत घेतलं नव्हतं, बघायला म्हणून ठेवलं होतं. यंत्रवाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून येई आणि पोपड्यावर एक छोटी डबी टेकवून बटण दाबे. मग यंत्र आपोआप रंगाचे थेंब सोडून डबा घुसळे. मुलगी दुपारी उजळणीचा कागद घेऊन दुकानात बसायची, कारण घरी कुणी नसायचं. आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात इस्त्रीला जायची.

"काट्या, तूच सांग," मालक म्हणाले. "काय करू?"

"घेऊन टाका, मालक. त्याला चहा लागत नाही."

"चेष्टा नको."

"मग काय रडू? दोघांपैकी एकच राहणार हे तुम्हीच म्हणालात. कोण, ते मी कसं सांगणार? मला तर मीच बरा वाटतो."

यंत्रवाला हसला. मालक हसले नाहीत. ते खरंच अडचणीत होते. इतक्या वर्षांची सोबत होती, आणि यंत्र दिवसभरात कितीतरी जास्त डबे जुळवत होतं.

"काका," मुलगी मालकांना म्हणाली, "अंदाजाने कशाला ठरवता? चाचणी घ्या ना. दोघांची."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. बाबांनी दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला. "आल्या आमच्या मास्तरीणबाई."

गृहीतक लिहा.

बाबा यंत्रापेक्षा बरोबर शेड जुळवतात.

हे लिहिताना तिने पेन कागदावरून उचललंही नाही. एका दमात लिहिलं.

*

चाचणी घेताना एकच गोष्ट बदला. बाकी सगळं सारखं ठेवा.

फक्त निरीक्षणं लिहा. अनुमान लिहू नका.

यंत्र मागच्या काउंटरवर होतं. त्याची तार तिथवरच पोचायची. तिथे दिवसाही पिवळा दिवा लागलेला असायचा. बाबांचं स्टूल दारात होतं. मुलगी म्हणाली, हे असं चालणार नाही. दोघांना जागा एक हवी, वेळ एक हवी, उजेड एक हवा. दारातला उजेड बदलतो, ढग येतो, ऊन सरकतं. दिव्याचा बदलत नाही. बाबांनी आत यायला हवं.

यंत्रवाला म्हणाला, "मुलगी हुशार आहे."

मालक म्हणाले, "काट्याची आहे."

दोन रंगारी डबे न्यायला आले होते, तेही थांबले. तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. काय बदलायचं, काय सारखं ठेवायचं, आणि ठेवलं नाही तर निकालाला काही अर्थ कसा राहत नाही. बोलताना ती हात हलवत होती. बाबा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग स्टूल उचललं.

"स्टूलही तेच घेताय ना?" मुलीने विचारलं. "ते बदलायला नको."

"तेच घेतलंय, बाई," बाबा म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

मालकांनी जुन्या पोपड्यांच्या डब्यातून काही पोपडे निवडले. बाबांनी दिव्याखाली शेड्स जुळवल्या. यंत्राने जुळवल्या. मुलीने दोन्हीकडचे नमुने एकसारख्या कागदांवर लावले, मागे खुणा केल्या आणि वाळवले. कुणाचा कुठला ते रंगाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कागद बाहेर नेले आणि भिंतीला लावून बघितले.

पिवळे ठीक होते. गुलाबी ठीक होते. सगळे निळे आणि निळसर राखाडी, दोघांपैकी एकाच बाजूचे, पोपड्यांपासून वेगळे दिसत होते. लांबूनही दिसत होते.

मुलीने कागद उलटे करून खुणा वाचल्या. पुन्हा वाचल्या.

थोरला रंगारी म्हणाला, "होतं असं एखाद्या दिवशी." धाकटा म्हणाला, "चल, उशीर होतोय." यंत्रवाल्याने शर्टाची बाही सारखी केली.

बाबा म्हणाले, "चाचणी मात्र बिनतोड घेतली हं पोरीने."

*

मालकांनी काढून टाकलं नाही. ते तसे माणूस नव्हते. त्यांनी बाबांना मागच्या गोदामात डबे लावायला दिलं, आणि हे सांगताना ते स्वतःचंच पाकीट उघडून बंद करत राहिले. काही दिवसांनी बाबा ते उंच स्टूल खांद्यावर घेऊन घरी आले.

"हे काय?" आईने विचारलं.

"मालक म्हणाले, घेऊन जा. आता कुणी बसत नाही त्यावर."

त्यांची नखं स्वच्छ झाली.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमची नखं बघतेय मी," आई म्हणाली. "बरी आहेत की." हे विनोद म्हणून म्हटलं होतं. कुणी हसलं नाही, तेव्हा तिने बाबांचा हात धरला आणि टेबलावर तसाच ठेवून दिला.

मुलगी उजळणी सोडवत राहिली. निकाल गृहीतकाच्या विरुद्ध आला तर काय करावं? निकाल स्वीकारावा. तिने लिहिलं, निकाल स्वीकारावा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण उत्तर बरोबर होतं, आणि त्यातच तिला आधारही होता. बाबा हरले होते, पण खोटेपणाने नाही. कुणी फसवलं नव्हतं. सगळं सारखं ठेवलं होतं.

*

शाळेचा नवा स्कर्ट गडद निळा होता. आई एका संध्याकाळी त्याची पट्टी आत घालत होती. "डब्यातून निळं रीळ दे गं."

मुलीने दिलं.

"हे काळं आहे."

"निळं आहे."

"दारात जाऊन बघ."

ती दारात गेली. बाहेर अजून थोडा उजेड होता. हातातलं रीळ काळं होतं. मघाशी अगदी निळं होतं.

"अगदी बापावर गेलीस," आई सुईत डोळे रोखून म्हणाली. "त्यांना तर दिव्यात निळं-काळं कधीच कळलं नाही. तरुणपणापासून. एकदा एक मोजा निळा, एक काळा घालून गेले होते, दुकान आठवडाभर हसत होतं. म्हणून तर टाचण्या लावते मी. दारात मात्र विचारायलाच नको. दारात यांच्या डोळ्यांतून मुंगीचा रंग सुटायचा नाही."

मुलगी दारातच उभी होती.

"काय झालं?"

तिने हातातलं रीळ आत दिव्याच्या उजेडात धरलं.

आईचा हात थांबला. "ती चाचणी," ती सावकाश म्हणाली, "दारातच घेतली होती ना?"

*

तीच निरीक्षणं पुन्हा वाचा. आता अनुमान लिहा.

ती हात हलवत बोलत होती. बाबा तिच्याकडे बघत होते. अनुमान: त्यांना आवडलं होतं. त्यांची मुलगी चार माणसांसमोर शिक्षिकेसारखी बोलत होती, आणि माणसं ऐकत होती.

मग त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. अनुमान: त्यांना माहीत होतं.

मग स्टूल उचललं. अनुमान:

*

"बाबा, मी उद्या काकांना सांगणार आहे. चाचणी चुकली."

"काय चुकलं? काही नाही चुकलं."

"दिव्यात तुम्हाला निळं कळत नाही. आई म्हणाली."

"आई काहीही म्हणते. मोज्यांची गोष्ट वेगळी, मोजे कोण बघतो घालताना? डोळे अधू झालेत माझे. वय झालं. दिव्याचा काय संबंध?"

"मग दारात पुन्हा घेऊ. आत्ता घेऊ."

"पुन्हा बिन्हा काही नाही. यंत्र घेतलंय त्यांनी. परत जाणार आहे का ते? झालं ते झालं."

"पण बाबा, मी—"

"जेव."

ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने उजळणीचा कागद घडी करून गादीखाली सारला, आणि संध्याकाळी आईला सांगितलं की मोठ्या शाळेत विज्ञान घ्यायचंच असं काही नाही. विषय बदलता येतो. अर्ज केला की बदलतो. मला चित्रकला चालेल. काहीही चालेल.

आई-बाबा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. भिंत पातळ होती.

"तिला वाटतंय तिच्यामुळे झालं," आई म्हणाली.

"मी सांगितलं की तिला."

"तुमच्या सांगण्याने काय होतंय? तिला सांगितलेलं चालत नाही. दाखवावं लागतं. तुम्हीच तसं वाढवलंय."



*

दुकानाच्या सुट्टीच्या सकाळी बाबांनी ते उंच स्टूल घराच्या दारात नेऊन ठेवलं. उन्हापासून हातभर आत.

"चला, मास्तरीणबाई. घ्या चाचणी. तुमच्या पद्धतीने. पण मग त्यानंतर हा विषय बंद."

ती धावत गेली आणि शेड दाखवायची जुनी पुठ्ठ्याची कार्डं घेऊन आली. प्रत्येक रंगाचे दोन तुकडे केले. एकेक तुकडा स्टुलासमोरच्या पाटावर मांडला, जोडीदार स्वतःकडे ठेवला. ती एक तुकडा धरेल, बाबांनी पाटावरून त्याचा जोडीदार उचलायचा. हवा स्वच्छ होती. उजेड असा होता की अंगणातल्या दोरीवरच्या चादरींचे वेगवेगळे पांढरे रंग दिसत होते. तिला इतकी घाई झाली होती की पहिला तुकडा हातातून पडला. कारण या वेळी तिला माहीत होतं. आता बाबा एकही चुकणार नव्हते. आणि मग तिच्याकडून काय झालं ते पक्कं होणार होतं. तरी तिला तेच हवं होतं. निदान बाबांचे डोळे तरी त्यांना परत मिळाले असते.

तिने राखाडीकडे झुकणारा निळा धरला.

बाबांनी पाटाकडे बघितलं आणि शेजारचा उचलला. हिरवट.

"नक्की?"

"नक्की."

दुसरा चुकला. तिसरा चुकला. निळे चुकले, आणि मग जांभळा चुकला. मग साधा पिवळा धरला तर त्यांनी मातकट उचलला. गुलाबी धरला तर विटकरी. पिवळा आणि गुलाबी तर त्या पिवळ्या दिव्याखालीसुद्धा चुकले नव्हते.

मुलीने लिहिणं थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं, पण आता ती तुकड्यांकडे बघत नव्हती. बाबांच्या हाताकडे बघत होती.

फिकट आकाशी धरला. हात उचलला गेला तो सरळ फिकट आकाशीवर. जराही न थांबता. बोटं त्याच्यावर टेकली. मग एक क्षण तिथेच राहिली, आणि शेजारी सरकली.

शेवाळी धरला. हात शेवाळीवर गेला. शेजारी सरकला.

पुढच्या वेळीही.

वाळलेल्या ठिपक्यासारखा तो हात आपोआप बरोबर जागी जाऊन मिसळत होता, आणि बाबा त्याला दर वेळी तिथून सोडवून काढत होते.

"बघ," बाबा म्हणाले. "दारात काय, दिव्यात काय. डोळेच गेले तर कोण काय करणार? तुझं काहीच चुकलेलं नव्हतं. तुझी चाचणी बरोबर होती. यंत्राने नाही हरवलं मला, वयाने हरवलं. कळलं का?"

आई मागे भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

"कळलं," मुलगी म्हणाली.

"लिहिलंस?"

"लिहितेय."

तिने सगळे तुकडे लिहिले. त्यांनी जो उचलला तो. हात आधी कुठे गेला होता यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

*

निष्कर्ष लिहा.

दिव्यात चुका झाल्या आणि दारातही चुका झाल्या. म्हणून चूक उजेडाची नव्हती.

चाचणी घेताना तुमच्याकडून काही चूक राहिली का? प्रामाणिकपणे लिहा.

या प्रश्नावर ती फार वेळ बसली. खिडकीतून दिसत होतं, बाबा अंगणात स्टुलाचा एक हलणारा पाय ठोकत होते. त्यांनी वर बघितलं, लांबूनच विचारलं, "झालं का?" आणि तिला दिसलं की ते त्या एका उत्तराची वाट बघत आहेत. मालकांनी यंत्र ठेवलं त्या दिवशीही ते इतके कासावीस दिसले नव्हते.

तिने लिहिलं, नाही.

*

शाळेच्या पहिल्या सकाळी बाबा गोदामात उशिरा जायचं ठरवून थांबले होते. मुलगी नवा स्कर्ट घालून उंबरठ्याशी बसून बूट चढवत होती.

"सही राहिली," आई म्हणाली. "निळ्या शाईत लिहिलंय हं, काळी चालणार नाही."

बाबांनी फळीवरच्या डब्यातून दोन पेनं काढली. एक निळं, एक काळं, दोन्हींची टोपणं सारखीच गडद. कागद काखेत घेतला, आणि आयुष्यभर जे करत आले तेच त्यांच्या पायांनी केलं. ते दारात आले. कागद स्टुलावर ठेवून वाचला. शेवटचं उत्तर वाचलं. मग पुन्हा, ओठ हलवत, "नाही." त्यांचे खांदे खाली आले. तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणता आलं असतं.

"छान," ते म्हणाले. "एकदम छान लिहिलंस."

दोन्ही पेनं त्यांनी उजेडात धरली. नीट बघितलीही नाहीत. त्यातलं एक खिशात टाकलं आणि दुसऱ्याने सही केली. निळी, गडद, शेवटच्या अक्षराखाली रेघ मारलेली.

आणि ती रेघ मारता मारता त्यांचा हात थांबला.

त्यांनी झटकन मुलीकडे बघितलं.

मुलगी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होती. फार मन लावून. गाठ केव्हाच बसली होती, पण ती बांधतच होती.

"झाली सही?" तिने वर न बघता विचारलं.

"झाली," बाबा म्हणाले.